तीस मीटर कमी पडलेला डोंगर

बर्फावरचे खेळ : लेखांक 6

रशियातलं सोची हे शहर काळ्या समुद्राच्या काठावर आहे. रस्त्यांच्या दुतर्फा पामची झाडं, उन्हाळ्यात समुद्रस्नानाला लोटणारी गर्दी. 2014 चं हिवाळी ऑलिंपिक तिथे झालं. त्याच्या आधीचं, 2010 चं, झालं कॅनडातल्या व्हँकुव्हरला, आणि तिथल्या शहरी हिवाळ्याची ओळख म्हणजे बर्फापेक्षा पाऊस जास्त. त्याच कॅनडाच्या दुसऱ्या टोकाला क्वेबेक सिटी आहे. जानेवारीचं सरासरी तापमान उणे 12-13 अंश. वर्षाकाठी साधारण तीन मीटर बर्फ पडतो. म्हणजे बैठ्या घराच्या छतापर्यंत! हे शहर हिवाळी ऑलिंपिकसाठी रीतसर रिंगणात उतरलं आणि हात हलवत परत आलं.

कुणालाही वाटेल, हा उफराटा न्याय झाला. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. थंडी कडाक्याची, बर्फ मुबलक, माणसं बर्फात वाढलेली; आणखी काय हवं? गेल्या आठवड्यात आपण बंदिस्त सभागृहातल्या बर्फाबद्दल बोललो. आज बाहेर पडू आणि हा प्रश्न नीट सोडवू, कारण क्वेबेकची गोष्ट समजली की हिवाळी खेळांचं सगळं गणित उलगडतं.

आधी या शहराचं हिवाळ्याशी नातं काय आहे ते पाहा. 1955 पासून तिथे दर हिवाळ्यात कार्निव्हल भरतो. त्यातली एक शर्यत होड्यांची असते. सेंट लॉरेन्स नदी तेव्हा पूर्ण गोठलेली नसते आणि पूर्ण मोकळीही नसते. बर्फाचे मोठमोठे तुकडे प्रवाहाबरोबर आणि भरती-ओहोटीबरोबर वाहत असतात. पाच-पाच जणांचा चमू होडी घेऊन निघतो. पाणी लागलं की वल्हवायचं. बर्फ लागला की एक पाय होडीत, एक पाय बाहेर, आणि बाहेरच्या पायाने बर्फाला रेटा देत होडी पुढे ढकलायची. बर्फ संपतो तिथे पाय पाण्यात जायच्या आत उचलायचा. एकाचा अंदाज चुकला तर बाकीच्या चौघांनी त्याला ओढून आत घ्यायचं. हा हौशी लोकांनी काढलेला नवा खेळ नव्हे. पूर्वी हिवाळ्यात नदीपार टपाल आणि माणसं न्यायची ती अशीच. ज्या गावाने गरजेचा खेळ केला, त्या गावाला ऑलिंपिकची आस लागली तर नवल काय!

16 जून 1995 रोजी बुडापेस्टमध्ये 2002 च्या यजमानपदासाठी मतदान झालं. अंतिम फेरीत चार शहरं होती. सॉल्ट लेक सिटीला 54 मतं मिळाली, स्वीडनच्या ओस्टरसुंडला 14, स्वित्झर्लंडच्या सियोंला 14 आणि क्वेबेक सिटीला 7. सॉल्ट लेकच्या आयोजकांनी ऑलिंपिक समितीच्या सदस्यांना भेटी आणि सवलती वाटल्याचं प्रकरण 1998 च्या अखेरीस उघडकीस आलं, काही सदस्यांची हकालपट्टी झाली, काहींनी राजीनामे दिले. क्वेबेकच्या लोकांना त्याचा संताप येणं अगदी रास्त होतं. पण लाचेचा तो सगळा व्यवहार बाजूला ठेवला तरी क्वेबेकच्या दाव्यात एक दुखरी जागा होती, आणि ती त्यांनाही ठाऊक होती. त्यांच्याजवळ पुरेसा उंच उतार नव्हता.

उतार म्हणजे कोणता, तर पुरुषांच्या डाउनहिल शर्यतीचा. स्कीइंगच्या प्रकारांतला हा सर्वांत वेगवान आणि सर्वांत धोक्याचा. खेळाडू एकेकटा सुटतो, जेमतेम दोन मिनिटांत खाली पोचतो आणि वाटेत ताशी 130 किलोमीटरच्याही पुढे जातो. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचा दंडक असा, की ऑलिंपिकच्या या शर्यतीत सुरुवात आणि शेवट यांच्या उंचीत किमान 800 मीटरचा फरक हवा. आपल्या डोळ्यांपुढे येईल असं सांगायचं तर रायगडाचा माथा समुद्रसपाटीपासून साधारण 820 मीटरवर आहे. म्हणजे रायगडाच्या माथ्यावरून निघून एका दमात जवळजवळ समुद्राच्या पातळीपर्यंत यायचं, आणि तेही दोन मिनिटांत.

क्वेबेक सिटीच्या जवळचं मों-सेंत-आन हे स्कीचं नामांकित केंद्र आहे, पण तिथे हा फरक सव्वासहाशे मीटरच्या आसपास. मग उरला शार्लव्वा भागातला 'ल मासिफ'. शहरापासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर, नदीच्या अगदी काठावर उठलेला हा डोंगर. रॉकी पर्वताच्या पूर्वेला कॅनडात स्कीच्या केंद्रांमध्ये याच्याएवढा उंच उतार दुसरा नाही. वरून खाली येताना समोर नदीचं विशाल पात्र आणि त्यात तरंगणारा बर्फ दिसतो. आपण थेट पाण्यातच उतरणार असं वाटावं असा तो देखावा. माथा 806 मीटरवर, पायथा 36 मीटरवर. वजाबाकी करा. 770.

तीस मीटर कमी.

आता कुणी म्हणेल, पायथा थोडा खाली सरकवा. पण खाली गाव आहे, रेल्वेचा रूळ आहे आणि त्याच्यापलीकडे नदी. ती नदी तिथे जवळपास समुद्राच्याच पातळीवर वाहते. अगदी पाण्याच्या कडेपर्यंत शर्यत नेली तरी 800 चा आकडा कसाबसा गाठला जाईल, आणि शेवटचा टप्पा इतका सपाट होईल की त्याला डाउनहिल म्हणता येणार नाही. बरं, माथा उंच करायचा तर तीस मीटर म्हणजे दहा मजली इमारत झाली. वादळी वाऱ्यात, डोंगराच्या टोकावर.

हा विचार वेडगळ वाटेल, पण असं एकदा घडलेलं आहे. 1984 च्या सारायेव्हो ऑलिंपिकमध्ये बेलाश्नित्सा डोंगराला नेमके काही मीटर कमी पडत होते. तिथल्या लोकांनी माथ्यावर रेस्टॉरंटची इमारत उभी केली आणि शर्यतीची सुरुवात तिच्या वरच्या मजल्यावरून केली. जगातले सर्वोत्तम स्कीपटू इमारतीचा जिना चढून वर गेले आणि तिथून उतरले! पण सारायेव्होची तूट पाच-दहा मीटरांची होती, क्वेबेकची तीस मीटरांची. जिथे तीन मजले चालले तिथे दहा चालत नाहीत.

ही तीस मीटरांची उणीव कुठून आली? तिचं उत्तर भूगर्भात आहे. सेंट लॉरेन्सच्या उत्तरेचे हे लॉरेन्शियन डोंगर ज्या खडकांचे बनले आहेत, ते सुमारे शंभर कोटी वर्षांचे आहेत. त्यांच्या तुलनेत रॉकी पर्वत कालपरवाचा म्हणायला हवा. त्याची घडण आठ ते साडेपाच कोटी वर्षांपूर्वीची. क्वेबेकचे डोंगर कधी काळी प्रचंड उंच होते. पाऊस, वारा, नद्या आणि मग हिमयुगांतल्या बर्फाच्या थरांनी त्यांना घासून घासून गोलसर केलं. म्हातारा डोंगर झिजतो. गंमत म्हणजे त्याला झिजवणाऱ्यांत बर्फाचाही हात होता. थंडीनेही या प्रदेशाचा थोडा उतार खाल्ला.

आता मला त्या उंचीच्या नियमाबद्दल बोलायचं आहे. 800 मीटर हा आकडा निसर्गाने दिलेला नाही, माणसांनी बैठकीत ठरवला आहे. 1972 चं ऑलिंपिक जपानमधल्या साप्पोरोत झालं. तिथे डाउनहिलची शर्यत एनिवा डोंगरावर झाली आणि तिथल्या उतारातला फरक होता 772 मीटर. ल मासिफपेक्षा अवघा दोन मीटर जास्त! त्या शर्यतीत स्वित्झर्लंडचा बेर्नहार्ड रुसी जिंकला, त्याचं सुवर्णपदक काही हलकं ठरलं नाही. पुढे हाच रुसी ऑलिंपिकच्या डाउनहिल मार्गांची आखणी करणारा जगातला सर्वांत जाणता माणूस झाला. नियमामागे कारण नाही असं मी म्हणत नाही. शर्यत लांबली की मांड्या पेटतात, शेवटच्या वीस-तीस सेकंदांत थकलेल्या पायांनी वळणं घ्यावी लागतात आणि खरा कस तिथे लागतो. पण त्या कसासाठी एका अख्ख्या प्रदेशाला कायमचं दाराबाहेर ठेवणं मला पटत नाही.

बरं, उतार मिळाला असं धरून चालू. मग तरी क्वेबेकचा तीन मीटर बर्फ कामी येईल? इथे बहुतेकांची समजूत उलटी असते. डाउनहिलच्या आयोजकांना शर्यतीच्या आदल्या रात्री ताजा बर्फ पडणं म्हणजे संकट वाटतं. भुसभुशीत बर्फात पहिल्या खेळाडूच्या स्कीने चर पडतो, दहाव्यापर्यंत त्याची नाली होते आणि तिसाव्याच्या वाट्याला खड्डे येतात. शर्यत न्याय्य व्हायची तर पहिल्याला आणि तिसाव्याला सारखाच पृष्ठभाग मिळायला हवा. म्हणून उतार दगडासारखा कडक करतात. तो कसा, हे पाहण्यासारखं आहे. ओळीने बारीक छिद्रं असलेली लांब नळी बर्फावर टेकवतात आणि तिच्यातून दाबाने पाणी बर्फाच्या पोटात सोडतात. एक पाऊल खाली, पुन्हा नळी टेकवायची, पुन्हा पाणी. असं करत अख्खा डोंगर उतरायचा. रात्रीच्या थंडीत ते पाणी गोठतं आणि सकाळी उतार असा टणक होतो, की स्कीच्या धारदार कडा नसतील तर माणूस त्यावर उभाही राहू शकणार नाही. रात्री ताजा बर्फ पडलाच, तर पहाटे शेकडो माणसं खांद्याला खांदा लावून तो उतारावरून खाली लोटत येतात. टीव्हीवर दोन मिनिटांची झेप दिसते. तिच्यामागचे हे फावडेवाले हात दिसत नाहीत.

थंडीचंही तसंच. तापमान उणे 20 च्या खाली गेलं तर क्रॉस-कंट्री स्कीची शर्यत घेत नाहीत. इतक्या थंड हवेत दोन-दोन तास जोरजोरात श्वास घेतला तर फुप्फुसांना इजा होते. शिवाय स्की घसरते ती तिच्या आणि बर्फाच्या मध्ये घर्षणाने तयार होणाऱ्या पाण्याच्या सूक्ष्म थरावर. थंडी फार वाढली की तो थर नीट धरत नाही आणि बर्फ वाळूसारखा खरखरीत लागतो. क्वेबेकच्या हिवाळ्यात पारा उणे 20 च्या खाली उतरणं हे नेहमीचंच. म्हणजे ज्या थंडीच्या जोरावर शहर दावा करतं, तीच एखाद्या सकाळी स्पर्धा थांबवू शकते.

आणि नुसती थंडी असली म्हणजे बर्फ असतोच असंही नाही. आपल्याकडे लेहचं उदाहरण घ्या. थंडी हाडं गोठवणारी, पण ते शीत वाळवंट. वर्षाचा सगळा पाऊस आणि बर्फ मिळून साधारण शंभर मिलिमीटर. म्हणून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांतलं आइस हॉकी आणि स्केटिंग लेहला होतं आणि स्कीचे प्रकार गुलमर्गला. गुलमर्गला उतार तर भरपूर आहे. अफरवट डोंगरावरच्या गोंडोलाचं वरचं स्थानक चार हजार मीटरच्या जवळ, खालचं गाव 2650 मीटरवर. पण 2025 च्या फेब्रुवारीत तिथे पुरेसा बर्फच पडला नाही आणि स्पर्धा मार्चपर्यंत पुढे ढकलावी लागली. 2022 चं यजमान बीजिंगही कोरडं आणि थंड. तिथल्या डोंगरावरचा बर्फ जवळजवळ सगळा यंत्रांनी तयार केलेला होता. कोरड्या हवेचा तिथे उलट फायदाच झाला. मडक्यातलं पाणी कोरड्या हवेत जास्त गार होतं त्याच न्यायाने बर्फ तयार करणाऱ्या तोफेतून उडालेले पाण्याचे थेंब कोरड्या हवेत लवकर गोठतात. दमट हवेत मात्र शून्याच्या खाली दोन-तीन अंश जाईपर्यंत थांबावं लागतं.

क्वेबेकच्या नेमकी उलट गोष्ट त्याच देशातल्या कॅल्गरीची. तिथे रॉकी पर्वत हाकेच्या अंतरावर, उताराला तोटा नाही, आणि 1988 चं हिवाळी ऑलिंपिक तिथे झालंही. पण कॅल्गरीला 'चिनूक' नावाचा वारा आहे. पॅसिफिकवरून आलेली हवा पर्वताच्या पश्चिमेला आपलं पाणी ओतून टाकते आणि पूर्वेच्या उतारावरून खाली येताना दाबली जाऊन तापते. तो वारा सुटला की काही तासांत पारा वीस अंशांनी चढतो. पश्चिमेच्या आकाशात ढगांची एक लांबलचक कमान दिसते, तिच्याखाली निळी पट्टी. ती दिसली की कॅल्गरीकर जाड कोट काढून ठेवतात. नेमक्या ऑलिंपिकच्या दिवसांत चिनूक आला. तापमान 17-18 अंशांपर्यंत चढलं, बॉबस्ले या घसरगाडीच्या बर्फाळ नाल्यात धूळ आणि वाळू येऊन पडू लागली, स्की जंपिंगच्या स्पर्धा वाऱ्यामुळे पुन्हा पुन्हा पुढे गेल्या. तरी ते ऑलिंपिक पार पडलं आणि चांगलं झालं. बर्फावरचं स्पीड स्केटिंग ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा छपराखाली झालं ते तिथेच. आणि हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरलेली पहिली भारतीय महिलाही तिथेच दिसली: शैलजा कुमार. खांबांमधून वळत उतरण्याची, दोन फेऱ्यांची स्लॅलम शर्यत पूर्ण करून तिने 28 वा क्रमांक मिळवला. ज्या देशात स्कीच्या सोयी तुटपुंज्या होत्या, तिथून जाऊन दोन्ही फेऱ्या न पडता पूर्ण करणं ही मोठी गोष्ट होती. आपण तिची आठवण फार कमी काढतो.

कॅल्गरीने 2026 साठी पुन्हा उभं राहायचं की नाही, हा प्रश्न 13 नोव्हेंबर 2018 रोजी नागरिकांपुढे ठेवण्यात आला. 56 टक्के लोकांनी नको म्हणून सांगितलं. ज्या शहराला ऑलिंपिकचा अभिमान आहे, ज्याने तीस वर्षं त्या मैदानांवर आपली मुलं घडवली, त्याने हिशेब मांडून नकार दिला. क्वेबेक प्रांताला तर हा हिशेब शिकवायची गरजच नाही. मॉन्ट्रियलच्या 1976 च्या उन्हाळी ऑलिंपिकचं कर्ज त्या प्रांताने 2006 पर्यंत फेडलं, तंबाखूवरच्या कराच्या पैशातून. तीस वर्षं! त्या वर्षी जन्मलेलं मूल कर्ता माणूस होईपर्यंत स्टेडियमचे हप्ते चालू होते. 2010 च्या दशकात क्वेबेक सिटीचे महापौर रेजिस लाबोम यांनी ऑलिंपिकचं स्वप्न पुन्हा पुढे आणलं. शहराने अठरा हजार प्रेक्षकांचं नवं बंदिस्त स्टेडियमही 2015 मध्ये उघडलं. पण गाडी पुन्हा त्याच उतारापाशी अडली.

मग क्वेबेक सिटीला हे झेपेल का? माझं उत्तर होय आहे, पण एका अटीवर. स्केटिंग, आइस हॉकी, कर्लिंग, क्रॉस-कंट्री, स्नोबोर्ड, अगदी महिलांची डाउनहिलसुद्धा (तिला एवढा उंच उतार लागत नाही) तिथे घ्यावी, आणि पुरुषांची डाउनहिल दुसऱ्या प्रांतात, रॉकी पर्वतात न्यावी. पूर्वी हे मान्य होणं अवघड होतं. आता नाही. 2026 साठी स्टॉकहोमने जो प्रस्ताव दिला होता, त्यात बॉबस्ले आणि ल्यूजच्या स्पर्धा समुद्रापलीकडे लाटव्हियातल्या सिगुल्डाला घेण्याची योजना होती, कारण तिथे तो मार्ग आधीपासून बांधलेला आहे. मतदानात मिलान-कोर्तिना 47 विरुद्ध 34 ने जिंकलं, पण प्रस्ताव समितीने मान्य करून मतदानाला ठेवला होता, हे महत्त्वाचं. देशाच्या सीमेपलीकडे बॉबस्ले जाऊ शकते, तर देशाच्याच आत डाउनहिल का जाऊ नये? डोंगर उंच करण्यापेक्षा, नवा डोंगर फोडण्यापेक्षा हे किती शहाणपणाचं आहे! दक्षिण कोरियाने 2018 साठी गारीवांग डोंगरावरचं जुनं, राखीव जंगल तोडून उतार तयार केला. ती झाडं शतकानुशतकं उभी होती, आणि शर्यती झाल्या मोजक्या दिवसांच्या.

थंडी, बर्फ आणि उतार हे सगळं साप्पोरोकडे मात्र आहे. शहराची वस्ती वीस लाखांच्या घरात, वर्षाला पाच मीटरच्या आसपास बर्फ, जवळ डोंगर, 1972 ची बरीच स्थळं, राहायच्या सोयी. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाचे डॅनियल स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजवरच्या 21 यजमान ठिकाणांचा अभ्यास केला. कार्बनचं उत्सर्जन असंच चढं राहिलं तर शतकाच्या अखेरीस त्यांतलं एकच ठिकाण भरवशाचं उरेल, असं त्यांना आढळलं. ते ठिकाण साप्पोरो. याच साप्पोरोने 2030 साठी उभं राहायचं ठरवलं होतं. मग टोकियो ऑलिंपिकमधली लाचखोरी बाहेर आली, लोकांचा विश्वास उडाला आणि 2023 मध्ये शहराने माघार घेतली.

साप्पोरोचा तो एनिवा डोंगर राष्ट्रीय उद्यानात येतो. 1972 मध्ये तिथे शर्यतीसाठी झाडं तोडायला परवानगी मिळाली ती एका कबुलीवर: खेळ संपले की मार्ग मोडायचा आणि जंगल परत लावायचं. तो शब्द पाळला गेला. पाळणे उचलले, बांधकामं हटवली, उतारावर रोपं लावली. ज्या 772 मीटरवरून रुसी खाली आला, तिथे आता पन्नास वर्षांची झाडं आहेत.